बिनपगारी कोच

जबलपूरला बडा फुहाऱ्यावर संध्याकाळी उभं राहायला हातभर जागा मिळाली की माणूस आपोआप जाणकार होतो. जवळच कमानिया गेट, सगळीकडून अंगावर येणारी बाजाराची गर्दी, हातात खोव्याच्या जिलेबीचा द्रोण आणि बोलायला विषय एकच: काल कोण हरलं आणि कुणामुळे. आमचं घराणं फार पूर्वी नागपूरकडून इकडे आलं. माझ्या मराठीत हिंदी इतकी मिसळली आहे की पुण्याची मावसबहीण मला ‘अर्धा भय्या’ म्हणते. पण क्रिकेट निघालं की तीही गप्प बसून ऐकते. नोकरी सगळी हिशेबखात्यात गेली. त्यामुळेही असेल, पण पराभव नेमका कुणाच्या खाती मांडायचा हा प्रश्न मला छळतो. त्याबद्दल जे काही थोडंफार उमगलं ते सांगतो. जमाखर्च जुळलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१.

चौकातला कोच कधी हरत नाही, हे कळायला मला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. किती वर्षं मी इथं उभ्या उभ्या संघ निवडतोय, फलंदाजीचा क्रम बदलतोय, कर्णधार काढतोय. त्यातला एकही निर्णय कुणी अमलात आणला नाही, म्हणून एकही चुकला नाही. आमच्यातले एक कापडवाले भाईजी तर सामना संपल्यावर संघ निवडतात. त्यांचा संघ आजवर अपराजित आहे. आम्ही सगळे बिनपगारी, आणि पगार नाही म्हणून जाबही नाही. चेंडूपासून माणूस जितका लांब तितका त्याचा आवाज मोठा, हा नियम मला इथं उभं राहूनच सापडला. माझा आवाज चांगला खणखणीत आहे.

२.

पडलेला माणूस दिसतो, त्याला उघड्यावर सोडणारा दिसत नाही. हे मला एका परक्या खेळानं शिकवलं. भाचा शिकागोला असतो. त्यानं मला तिकडचा फुटबॉल समजावायचा चंगच बांधला. नाव फुटबॉल, पण खेळतात बराचसा हातानं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. समोरून धिप्पाड गडी त्याला आडवं करायला धावतात आणि त्याचे पाच साथीदार भिंतीसारखे मध्ये उभे राहतात. भिंत दोन-तीन सेकंद टिकली तर तो चेंडू फेकणार, नाहीतर चेंडूसकट मातीत. २०२४ च्या हंगामात शिकागो बेअर्सचा नवखा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स ६८ वेळा असा मातीत गेला. दर वेळी कॅमेरा त्याच्याच तोंडावर.

त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध संघ तीन गुणांनी मागे होता. ३२ सेकंद उरले असताना पोरगा पुन्हा आडवा झाला. घड्याळ थांबवायची एक संधी संघाच्या हाती शिल्लक होती, पण कोचनं ती वापरलीच नाही. सेकंद वाहून गेले, घाईघाईत एक फेक झाली, ती वाया गेली, खेळ खलास. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लूस यांना घरी पाठवलं. हंगाम चालू असताना मुख्य कोचला काढायची त्या क्लबच्या शंभराहून जास्त वर्षांतली ती पहिलीच वेळ. भाच्याचा फोन आला. खूश होता. “पाहिलंत ना मामा? इथं कोचला जाब विचारतात!” मी म्हटलं, “बरं झालं. आणि त्या पोरापुढची भिंत?” तो जरा थांबून म्हणाला, “ती आहे तशीच आहे.”

त्यानंच मग दोन जुनी नावं सांगितली. डेव्हिड कार हा २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कोऱ्या करकरीत संघानं पहिल्या क्रमांकावर निवडलेला मुलगा. पहिल्याच हंगामात ७६ वेळा आडवा पाडला गेला. एका हंगामातला तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. दुसरा पेटन मॅनिंग. १९९८ च्या पहिल्या हंगामात त्याच्या २८ फेका प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेल्या, संघ १६ पैकी १३ सामने हरला. कोच जिम मोरा यांनी त्याला प्रत्येक सामन्यात खेळवलं. पुढच्या वर्षी तोच कोच, तोच मुलगा, आणि १६ पैकी १३ विजय. मॅनिंग थोर होता हे खरंच. पण कारच्या पुढं मॅनिंगची भिंत असती तर तो कोण झाला असता, हे विचारायला जागा कुठं आहे? विक्रमांच्या पुस्तकात तसा रकानाच नसतो.

३.

विजयाच्या स्मारकावर डांबर फासायला एक दुपार पुरते. भाच्याला मी अभिमानानं म्हणणार होतो की आपल्याकडं इतकी निर्दयता नाही. तेवढ्यात मला इंदूरची बॅट आठवली. अजित वाडेकरांच्या संघानं १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी आणि मग इंग्लंडला त्यांच्या घरी हरवलं, त्या आनंदात इंदुरात काँक्रीटची एक भली मोठी बॅट उभी राहिली, ‘विजय बल्ला’. तिच्यावर खेळाडूंची नावं. तीन वर्षांनी, २४ जून १९७४ ला, लॉर्ड्सवर अवघा भारतीय संघ ४२ धावांत गुंडाळला गेला. एकनाथ सोलकरच्या नाबाद १८ सोडल्या तर कुणाला दोन आकडे दिसले नाहीत. मालिका ३-० अशी गेली. इकडे इंदुरात त्या बॅटला डांबर फासलं गेलं, तिकडे मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि लागोपाठ तीन मालिका जिंकून दिलेला कर्णधार खेळातूनच बाहेर पडला.

आता माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्याचे व्यवस्थापक हेमू अधिकारी होते, १९७४ चेही तेच. आजच्या भाषेत कोच म्हणावं असं कुणी असलंच तर तेच. शिस्तीचे, क्षेत्ररक्षण घोटून घेणारे लष्करी गृहस्थ. त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. पण १९७१ च्या जमेत त्यांचं नाव आवर्जून घेतलं जातं आणि १९७४ च्या खर्चात कुणालाच ते आठवत नाही. निवड समितीचं तर दोन्हीकडं नाही. डांबर सगळं एकाच नावासाठी आणलेलं होतं. ते फासायला गेलेल्या माणसांना मी दोष देतोय खरा, पण त्या दिवशी मी इंदुरात असतो तर डबा धरायला गेलो नसतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

४.

दगड खाल्लेला माणूस पुढं दुसऱ्याला आडोसा देतो, निदान कधी कधी देतो. हेच वाडेकर १९९२ पासून भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सलामीवीर सिद्धूची मान धरली. मधल्या फळीत खेळणारा वीस वर्षांचा तेंडुलकर मागे लागला की मला सलामीला पाठवा, अपयशी ठरलो तर पुन्हा तोंड वर करून मागणार नाही. वाडेकर आणि अझरुद्दीननं हो म्हटलं. ४९ चेंडूंत ८२. पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. तो सांगताना सचिनच्या हट्टाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र त्या होकाराची किंमत जास्त वाटते. तो पहिल्या षटकात बाद झाला असता तर “पोराच्या नादी लागून क्रम बिघडवला” हे वाक्य वाडेकरांना ऐकावं लागलं असतं. त्यांनी याहून बरंच वाईट आधीच ऐकलं होतं, म्हणूनही कदाचित ते बिचकले नसतील.

५.

‘संघ कर्णधाराचा’ हे वाक्य मला पूर्वी फार उमदं वाटायचं. आता त्याची थोडी भीती वाटते. सचिनच्या कर्णधारपदावर आमच्या चौकात जितकी जिलेबी खपली तितकी दुसऱ्या कुठल्याच विषयावर खपली नसेल. २५ कसोटी, ४ विजय, ९ पराभव. आकडे वाईटच आहेत आणि त्याच्यावर कितीही जीव असला तरी ते बदलत नाहीत. त्यातला सगळ्यांत जिव्हारी लागलेला पराभव बार्बाडोसचा, मार्च १९९७. जिंकायला १२० हव्या होत्या आणि डाव ८१ वर आटोपला. दुसऱ्या डावात सचिनच्या ४. पहिल्या डावात त्यानंच ९२ काढल्या होत्या, हे सांगितलं की लोक “हो, पण...” म्हणतात. त्या पराभवानंतर दोन दिवस खोलीत कोंडून घेतल्याचं त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. मी ते वाचून पुस्तक मिटलं. सव्वीस वर्षांचं माझं लेकरू घरी काही बिनसलं की खोलीचं दार लावून घेतं, तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको बाहेर येरझाऱ्या घालतो. हा तर तेवीस वर्षांचा होता आणि दाराबाहेर सगळा देश उभा होता.

दुसऱ्यांदा कर्णधार झाला तेव्हा कोच होते कपिल देव. याहून मोठा आधार कोणता, असं आम्हीही म्हणालो होतो. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीनही कसोटी हरलो. मालिकेचा मानकरी ठरला हरलेल्या संघाचा कर्णधार! सचिननं पुस्तकात कपिलबद्दल मोठ्या आदरानंच, पण नाराजी लिहिली आहे: संघ कर्णधारानं चालवायचा असं त्यांचं मत असल्यामुळे डावपेचांच्या चर्चेत ते फारसे पडत नसत. पुढं दक्षिण आफ्रिकेनं घरात येऊन दोन्ही कसोटी जिंकल्या आणि सचिन कर्णधारपदावरून पायउतार झाला.

कपिल यांची बाजू मला कळते. ते स्वतः ज्या काळात कर्णधार होते त्या काळात कोच नावाचा माणूसच नव्हता. आपण एकट्यानं निभावलं, हाही निभावेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. मोठ्या भावानं धाकट्याला सायकल देऊन “जा, चालव” म्हणावं त्यातलाच हा प्रकार. त्यात प्रेम असतं, विश्वासही असतो. फक्त धाकट्यानं आपटल्यावर गुडघा कुणाचा फुटतो, तेवढं पाहायचं राहून जातं. खेळाडूला मोकळीक देणं आणि त्याला एकटं टाकणं, हे लांबून सारखंच दिसतं. फरक हरल्यावर कळतो, पत्रकारांच्या समोर कोण कोण येऊन बसलंय त्यावरून.

६.

सगळं आपल्या हाती घेणारा कोचही शेवटी हात झटकून मोकळाच होतो. ग्रेग चॅपेल २००५ ते २००७. गांगुलीबद्दलचा ई-मेल फुटला तो त्यांच्याच काळात, सचिनला सलामीवरून खाली ओढलं तेही त्याच काळात. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशनं हरवलं, श्रीलंकेनं हरवलं, पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. चॅपेल यांनी पद सोडलं. पण लोक मोर्चा घेऊन पोचले ते रांचीला, धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर. म्हणजे १९७४ ते २००७, दगडांना पत्ता एकाच प्रकारचा सापडतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात धोनीच्या संघानं ट्वेंटी-२० चा पहिला विश्वचषक आणला. सोबत पूर्णवेळ कोच नव्हता, मुंबईचे लालचंद राजपूत व्यवस्थापक म्हणून गेले होते. आमच्या चौकानं लगेच ठराव पास केला की कोच हे पदच बरखास्त करावं. ठराव भाईजींनी मांडला. सामना संपल्यावर, अर्थात.

७.

जाब न विचारला गेल्याचं हायसं वाटतं, आणि ते वाटणं फार लाजिरवाणं असतं. कॉलनीतल्या पोरांनी एकदा टेनिस चेंडूच्या स्पर्धेत मला ‘सर’ केलं. कारण एवढंच की माझ्याकडं वेळ होता आणि थर्मासही होता. अंतिम सामन्यात धावांचा पाठलाग करायचा की आधी फलंदाजी घ्यायची, हे पोरांनी मला विचारलं. मी सांगितलं ते त्यांनी केलं. निर्णय बरोबर होता की नाही, हे आजही सांगता येणार नाही. तितकासा वाईट नव्हता. हरलो थोडक्यात. शेवटच्या षटकात कर्णधार पोरगा उंच फटका मारून झेल देऊन आला, आणि पॅड सोडता सोडता त्याच्याभोवती घोळका जमला. “वो शॉट क्यों मारा?” हेच पुन्हा पुन्हा. माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं.

मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. थर्मासचं झाकण लावत मी बाजूला उभा राहिलो. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं बोचायला लागलं. इतकी वर्षं कोचांच्या नावानं शंख केला आणि कोच म्हणून आयुष्यातली पहिली संध्याकाळ मी झाकण लावण्यात घालवली. त्या पोरावर पत्रकार परिषदेचा प्रसंग नव्हता, कॅमेरा नव्हता, जेमतेम पंधरा माणसं होती. तिथंही पुढं सरकायला पाय जड होतात, हे मला पुस्तकातून कधी कळलं नसतं.

८.

‘हा पराभव माझा’ असं म्हणणारा माणूस नेहमी दुसऱ्याचं ओझं कमी करतोच असं नाही. कमानिया गेट त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ओळखलं जातं. खेळाच्या गप्पांत हे कुठून आलं असं वाटेल, पण या गेटाजवळ रोज उभं राहून कर्णधारांच्या गोष्टी करायच्या आणि सुभाषबाबूंना वगळायचं, हे आम्हा जबलपूरकरांना शोभत नाही. १९३९ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पट्टाभींनी माघार घेऊ नये यात आपला हात होता, तेव्हा हा पराभव त्यांच्यापेक्षा माझाच अधिक आहे, अशा अर्थाचं निवेदन गांधीजींनी काढलं.

शाळेत असताना मला ते जबाबदारी घेण्याचं आदर्श उदाहरण वाटायचं. नंतर पुढची पानं वाचली. निवडणूक तोवर दोन उमेदवारांची होती. त्या एका निवेदनानं ती बोस विरुद्ध गांधी अशी झाली. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं तेव्हा सुभाषबाबू तापानं फणफणलेले, स्ट्रेचरवरून मांडवात आणलेले. गांधीजी राजकोटला होते. कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला. कर्णधार मतांनी निवडून आलेला आणि अकरा जण मात्र दुसऱ्याच्या पसंतीचे! एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. यात कुणाचं बरोबर यावर आमच्याकडं अजून हमरीतुमरी होते, तिच्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की मोठ्या माणसानं पराभव अंगावर घेतला की तो घेतानाही सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळतात, आणि समोरचा जिंकूनही आरोपी ठरू शकतो. कोचनं “चूक माझी” म्हणावं हे मी आजही म्हणतो. पण म्हटल्यावर पोराच्या हातात काय उरतं, तेही बघायला शिकलोय.

९.

काही हिशेब तेवीस वर्षं उघडे राहतात, आणि ते ज्यानं उघडे ठेवले त्यालाच मिटवावे लागतात. चंद्रकांत पंडित मुंबईचे, पण १९९८-९९ च्या रणजी हंगामात ते आमच्या मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळूरला कर्नाटकविरुद्ध अंतिम सामना. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. नुसता अनिर्णित ठेवला असता तरी करंडक आपला होता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी हरलो. त्या रात्री फुहाऱ्यावर एकही जण पंडितांच्या बाजूनं बोलला नाही. “बंबईवाला है, उसका क्या जाता है,” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. मराठी असल्यानं मला ते जरा जास्त लागलं, हे कबूल.

२०२२ च्या जूनमध्ये तेच चिन्नास्वामी मैदान, पुन्हा अंतिम सामना, आणि पंडित आता मध्य प्रदेशचे कोच. समोर एक्केचाळीस वेळा रणजी जिंकलेली मुंबई, त्यांचं स्वतःचं गाव. मुंबईच्या ३७४ ला यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांच्या शतकांनी ५३६ चं उत्तर दिलं आणि आदित्य श्रीवास्तवच्या संघानं सहा गडी राखून सामना मारला. मध्य प्रदेशचं ते पहिलं विजेतेपद. पंडितांसारखा कडक शिस्तीचा माणूस मैदानावर येऊन डोळे पुसत होता.

त्यांच्या कडकपणाबद्दल दोन मतं आहेत. सगळ्यांनाच तो मानवत नाही, आयपीएलमध्ये परदेशी खेळाडूही त्याबद्दल कुरकुरले. मलाही असा कोच सोसला नसता, पहिल्याच आठवड्यात दांडी मारली असती. पण मुंबईला, विदर्भाला आणि आम्हाला रणजी जिंकून देणाऱ्या त्यांच्या पद्धतीत मला एक गोष्ट दिसते. ते पोरांना हरण्याआधी धारेवर धरतात. म्हणजे सामन्याच्या दिवशी फळीचं कोणतं लाकूड कच्चं आहे हे त्यांना आधीच माहीत असतं, आणि ते तिथं का उभं केलं याचं उत्तरही त्यांच्यापाशी असतं. जमेचं मात्र त्यांच्याही वाट्याला सरळ येत नाही. २०२४ मध्ये कोलकात्यानं आयपीएल जिंकली तेव्हा कोच पंडितच होते, पण हार बहुतेक मार्गदर्शक गंभीरच्या गळ्यात पडले. पुढच्या वर्षी संघ आठवा आला, आणि तेव्हा पद गेलं ते पंडितांचं.

१०.

केलेला निर्णय चार दिवसांत सगळ्यांच्या देखत उलटवणं, याहून मोठी कबुली मला अजून दिसलेली नाही. बंगळूरच्या त्या अंतिम सामन्यात मुंबईचे कोच होते अमोल मुजुमदार. पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात ते भारतीय महिला संघाचे कोच झाले. घरच्या २०२५ च्या विश्वचषकात संघ ओळीनं तीन सामने हरला. तिसरा आमच्या इंदूरला, इंग्लंडविरुद्ध, १९ ऑक्टोबरला.

त्या दिवशी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवून गोलंदाज वाढवला होता. २८९ चा पाठलाग. स्मृती मानधना ८८ वर खेळत होती, सामना मुठीत होता. ती उंच फटका मारायला गेली, झेल गेला, आणि चार धावांनी हरलो. सांगलीची मुलगी म्हणून माझं तिच्यावर विशेष लक्ष असतं, तरी त्या रात्री मीही तिच्याच नावानं ओरडलो. सामन्यानंतर पत्रकारांसमोर ती येऊन बसली आणि पडझडीची सुरुवात माझ्यापासून झाली, मी ते माझ्यावर घेते, असं सांगून मोकळी झाली. पण ती बाद झाल्यावर खाली सावरायला एक फलंदाज कमी होती, आणि ती तिनं कमी केलेली नव्हती.

२३ ऑक्टोबरला नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा संघात परत आली. नुसती परत नाही, तिसऱ्या क्रमांकावर. नाबाद ७६. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार करायचे होते. आपल्याला तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या पाचच मिनिटं आधी कळलं, असं तिनंच नंतर सांगितलं. नाबाद १२७. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक आपला झाला. जेमिमाला वगळणं चूक होती, असं कुणी छापील निवेदन काढल्याचं मी वाचलं नाही. त्याची गरजही नव्हती, संघाची यादीच बोलत होती.

इंदूरच्या त्या चार धावा मी आधी सगळ्याच्या सगळ्या स्मृतीच्या खाती घातल्या होत्या. मग अर्ध्या संघ निवडणाऱ्यांच्या खाती वळत्या केल्या. परवा त्या सामन्याच्या चित्रफिती पुन्हा पाहत बसलो. हेदर नाइटनं शतक काय झकास काढलंय! आणि स्मृतीला बाद करणारी ती डावखुरी फिरकीवाली, लिन्सी स्मिथ, तिनं टाकलेली षटकं तर बघत राहावी अशी. तिचं खातं मी उघडलंच नव्हतं.